चौथ्या खिडकीचा पहिला नंबर

परवा आमच्या नंदाची दहावीची गुणपत्रिका घरी आली आणि मी तिच्यावर आवक क्रमांक टाकला.

मुद्दाम नव्हे. तिनं कागद माझ्या हातात ठेवला, मी चष्मा चढवला, कागद मागून-पुढून पाहिला, आणि मग माझ्या हातानं मला न विचारता खिशातलं लाल पेन काढून उजव्या कोपऱ्यात 'आ. क्र. १' असं लिहिलं, खाली तारीख घातली, आणि तारखेखाली माझी ती शेपूट तुटलेल्या पालीसारखी आखूड सही केली. पोरीला गुण किती पडले ते अजून पाहिलंसुद्धा नव्हतं. इतकी वर्षं कारकुनी केली, कागद समोर आला की आधी नंबर आणि मग मजकूर. हाताला कचेरी आणि घर यांतला फरक कुणी शिकवलाच नाही.

"बाबा," नंदा अगदी हळू म्हणाली, "हे काय केलं?"

कुसुम, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, कणकेच्या हातानं बाहेर आल्या. कोपरा पाहिला. "कुंडली देली असती यायच्या हाती," ती लेकीला म्हणाली, "तं तिच्यावरही नंबर टाकला असता. तू झाली तवा दवाखान्यात पाळण्यापाशी खिसा चाचपून राहिले होते. मीच हात धरला."

हे खोटं आहे. पण आमच्या घरात माझ्याविषयीच्या खोट्या गोष्टीही खऱ्याच वाटतात, म्हणून मी वाद घालत नाही.

"निघते ते," मी म्हटलं. "शाईच तर आहे."

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. आणि आत गेली.

मी लगेच शाई काढायला बसायला हवं होतं. बसलो नाही. कागद घेऊन ओसरीत आलो आणि खुर्चीत नुसता टेकून राहिलो. हे दिवसच मला असे बसवतात. नागपुरात नवतप्याचे नऊ जळते दिवस संपलेले असतात, पण उन्हाला ते कळवायला कुणी गेलेलं नसतं. प्रताप नगरातल्या आमच्या घरासमोरच्या कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो, तो सायकलींखाली चिरडतो आणि त्याचा कडवट-गोड वास दुपारभर दारात ठाण मांडतो. शेजारच्या कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास मधूनच भिंतीवरून येतो. आणि रस्त्यानं पोरं-पोरी जात असतात, हातात कागदाची गुंडाळी, डोक्याला दुपट्टा. कुणी त्या गुंडाळीनं वारा घेतं, कुणी ती छातीशी धरून चालतं. कुणाला किती गुण पडले ते धरण्यावरूनच समजतं.

या गुंडाळ्या मी फार पाहिल्या आहेत. खिडकीच्या आतून.

सत्तर सालच्या आगेमागे मी ज्या कचेरीत होतो तिचं नाव सांगत नाही. तिथं नोकरीसाठी नावं नोंदवून घेत. नोकरी देत नसत. नाव नोंदवून घेत. हा फरक बाहेरच्या रांगेला कधी पटला नाही आणि आम्हीही तो पटवण्याच्या भानगडीत पडलो नाही. मॅट्रिकचा निकाल लागला की दरवर्षी नवी वही निघायची, एक नंबरपासून. कुठल्या खात्यानं नावं मागवली की त्या वहीतली नावं नंबरवारीनं जायची. म्हणून नंबर म्हणजे सगळं. आईबाप पोराला गुण विचारत आणि लगेच पुढचा प्रश्न, नंबर कितवा पडला.

खिडक्या चार, आणि वही एक. लाल कापडी पुठ्ठ्याची ती वही बडे बाबूंच्या टेबलावर असायची, आणि कुणी उचलून नेऊ नये म्हणून सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधलेली. आम्ही चौघं चार खिडक्यांवर. उमेदवाराचं कार्ड भरायला दोन मिनिटं लागायची. मग उठायचं, टेबलापाशी जायचं, वहीत नाव चढवायचं, पुढचा नंबर घ्यायचा, परत येऊन तो कार्डावर टाकायचा. पण तिथं आधीच दुसऱ्या खिडकीचा गजभिये लिहीत असायचा, त्याच्या मागं पहिल्या खिडकीवाला, त्याच्या मागं मी. बाहेर उन्हात चार रांगा आणि आत पंख्याखाली पाचवी, आमची. बाहेरच्यांना वाटायचं बाबू लोक गप्पा मारून राहिले. गप्पाही व्हायच्या, उभ्या उभ्या दुसरं काय करणार.

एका वर्षी माझ्या खिडकीसमोर एक मुलगा रांगेतच खाली बसला आणि मग आडवा झाला. लोकांनी कांदा फोडून नाकाशी धरला, माठातलं पाणी मारलं. मी त्या वेळी माझ्या जागेवर नव्हतो. त्याचंच कार्ड हातात घेऊन वहीपाशी तिसरा उभा होतो. परत आलो तेव्हा खिडकीत त्याचा चेहरा नव्हता, नुसतं ऊन होतं. मुलगा सावरला, पण त्याच्या गुणपत्रिकेचे मागच्यांच्या पायाखाली दोन तुकडे झाले होते आणि तो ते तुकडे जुळवून पाहत पायरीवर कितीतरी वेळ बसला होता. ते जुळवणं मला नको तेव्हा आठवतं. परवा आठवलं.

त्यानंतर बडे बाबूंनी स्वतःच्या अकलेनं एक तोड काढली. उठायचं नाही, जागेवरूनच ओरडून नंबर विचारायचा. बडे बाबू खुर्चीतून सांगणार. पहिल्याच तासात सदतीस नंबर दोघांना गेला. ते दोघं बाहेर झाडाखाली एकमेकांची कार्डं पाहत उभे, आणि मग त्यांच्यासोबत आलेल्या मंडळींनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या. दुपारी पुन्हा सुतळीची वही.

मला तोड सुचली ती कचेरीत नाही. ती रामटेकला, माझ्या सासुरवाडीच्या मांडवात सुचली.

कुसुमच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. पंगत बसलेली, भात पानावर पडलेला, आणि वरणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, एकच. चौघं वाढणारे आपापली वाटी-पळी घेऊन त्या एका गंजापाशी धक्काबुक्की करत होते आणि लोक भातावर हात ठेवून बसले होते. कुसुमचा धाकटा भाऊ वसंता तिथं आला. उंच, हडकुळा, कायम हसतमुख. त्यानं कुठून तरी चार बादल्या आणल्या, गंजातलं वरण त्यांत ओतलं आणि चौघांच्या हाती एकेक दिली. "आता गंजापाशी कोणी येऊ नका. आपली बादली सरली मंगच या." पंगत पाच मिनिटांत मार्गी लागली.

मी पानावरच थांबलो. कुसुमला वाटलं मला वरण तिखट लागलं. मला वह्या दिसत होत्या. चार खिडक्या, चार वह्या. पहिल्या खिडकीला एक ते शंभर, दुसरीला एकशे एक ते दोनशे, तिसरीला दोनशे एक ते तीनशे, माझ्या चौथीला तीनशे एक ते चारशे. नंबर आधीच छापलेले. कुणी उठायचं नाही, कुणी ओरडायचं नाही, एक नंबर दोघांना जायचा प्रश्नच नाही. शंभर संपले की मगच बडे बाबूंकडून पुढची वही.

त्याच पंगतीत आणखी एक गोष्ट झाली होती, ती मी पाहिली आणि सोडून दिली. दाराजवळच्या ओळीत वरण दुसऱ्यांदा फिरलं तेव्हा भिंतीकडच्या ओळीत शेवटच्या पानांवर भात कोरडाच होता.

बडे बाबूंना कल्पना आवडली, वरच्या साहेबांना त्याहून आवडली. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा त्यानंतर महिनाभर मी जरा पुढे काढून चालत होतो, असं कुसुम म्हणते. एकटा गजभिये वह्या उलटून-पालटून पाहत होता. अक्षर मोत्यासारखं, बोलणं कमी, डबा वेळेवर उघडणारा माणूस. डबा खाताना म्हणाला,

"एक सांगू का गा? माझ्या खिडकीवर जो सकाळी पहिला येईन त्याले एकशे एक. अन् पहिल्या खिडकीवर दुपारी चार वाजता जो येईन त्याले साठ. मंग आधी कोण आला?"

"नंबर म्हणजे ओळख," मी म्हटलं. "पाळी नव्हे. पाळी तारखेवरून पाहता येईल."

"पाहीन कोण?"

"पाहू की."

"बाहेर उभा हाय त्याले नंबर म्हंजे पाळीच समजते," गजभिये म्हणाला आणि भाजीतली मिरची बाजूला काढत राहिला.

निकाल लागला. पहिल्या दिवशी फाटक उघडायला मीच लवकर गेलो; नवी नवरी मिरवायला काढल्यासारख्या माझ्या त्या चार वह्या होत्या. फाटकाशी एकटा वसंता उभा होता. रामटेकहून पहिल्या बसनं आलेला. डोक्याला दुपट्टा, सदऱ्याच्या खिशात लू लागू नये म्हणून कांदा, हातात फडक्यात बांधलेली टेंभरं.

वसंता तिसऱ्या खेपेला मॅट्रिक झाला होता. मधली वर्षं बाप अंथरुणाला आणि धानाच्या बांध्या याच्या गळ्यात. त्या दिवाळीनंतर कारकुनीच्या जागेला त्याचं वय बसणार नव्हतं. मौद्याकडची एक मुलगी पाहून ठेवली होती. तिचे वडील म्हणत, नोकरीचा कागद दाखवा आणि तारीख काढा. म्हणजे त्याच्या हातात तो एक पावसाळा होता, बाकी काही नाही.

"पयला आलो भाऊजी," तो म्हणाला. "माझ्या आंधी कुत्रंही नाही आलं."

माझ्या डोक्यात त्या दिवशी काय हवा होती देव जाणे. तो पहिल्या खिडकीसमोर उभा राहत होता. मी त्याला दंडाला धरून आणलं आणि माझ्यासमोर उभं केलं. "माझ्या हातून घे. माझ्या वहीतला पहिला नंबर तुझा." कार्ड भरलं, घोटून घोटून अक्षर काढलं, आणि कोपऱ्यात लाल शाईनं नंबर टाकला.

त्यानं कार्ड पाहिलं. "तीनशे एक? मी तं पयला होतो न भाऊजी."

"चौथ्या खिडकीचा पहिला तूच. नंबर नुसता ओळखीचा असतो रे."

"तुमी म्हणता तं असंन बाप्पा," म्हणत तो हसला. कार्ड कांद्याच्या खिशात घातलं, टेंभरं खिडकीतून आत सरकवली. त्या चिकट, पिठूळ फळांचा गोडवा दिवसभर माझ्या बोटांना होता. त्याच बोटांनी मी त्या दिवशी सत्तर-पंचाहत्तर जणांना नंबर दिले.

आणि खरं सांगायचं तर तो हंगाम सुखाचा गेला. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण गेला. एक वाजता अंगण मोकळं व्हायचं. कुणी घेरी येऊन पडलं नाही. सुतळी टेबलाच्या पायाला रिकामीच लोंबत होती. पहिल्या दिवशी ज्या वह्या भरल्या नाहीत त्या दुसऱ्या दिवशी पुढे चालू राहिल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना आलेल्या एकाला पहिल्या खिडकीवर सत्त्याऐंशी मिळाला. मी ते पाहिलं. त्याला वाट दाखवून मीच त्या खिडकीवर पाठवलं होतं, तिथं कुणीच उभं नव्हतं म्हणून.

श्रावणात एका खात्याचं पत्र आलं. कारकुनाच्या जागा, यंदाच्या मॅट्रिकवाल्यांची पहिली दोनशे नावं पाठवा. बडे बाबूंनी पत्र माझ्याकडे टाकलं. "नंबरवारीनं लाव अन् पाठवून दे."

नंबरवारीनं दोनशे म्हणजे पहिली वही आणि दुसरी वही. पूर्ण. तिसऱ्या आणि चौथ्या खिडकीसमोर जो जो उभा होता, पहाटे आलेला असो की दुपारी, त्यातला एकही नाही. मी यादी करायला घेतली. बाहेर पाऊस लागला होता, खिडक्या बंद, खोलीत ओल्या छत्र्यांचा वास. सत्त्याऐंशी नंबरचं नाव लिहिताना माझा हात थोडा थांबला असावा. कारण गजभिये शेजारी येऊन उभा राहिला.

"चारी वह्या समोर घे," तो म्हणाला. "चारी वह्यांतला पहिला, मंग चारीतला दुसरा, मंग तिसरा. पत्ते पिसल्यासारखं. जुने नंबर ब्लेडनं खरवडून टाकू, नवे टाकू. मी बसतो तुयासंगं. दोन दुपारींचं काम हाय."

"सरकारी नंबर असा पुसता येत नाही," मी म्हटलं.

गजभियेनं माझ्या उघड्या ड्रॉवरकडे पाहिलं. अर्धं ब्लेड प्रत्येक कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये असायचं, माझ्याही होतं, आणि ते कशासाठी असतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. चुकलेली तारीख, चुकलेलं नाव आम्ही रोज त्यानंच खरवडत होतो.

"माझा मेहुणा आहे चौथ्या वहीत," मी म्हटलं. "लोक काय म्हणतील?"

"तुया साळ्यासाठी नाही म्हणून राहिलो मी. दोन खिडक्यांचे लोक हायेत."

मी मान खाली घालून यादी लिहीत राहिलो. त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. सख्ख्या मेहुण्यासाठीही नियम वाकवला नाही, असं मी मनात स्वतःला सांगत होतो, आणि ते वाक्य ऐकायला छान वाटत होतं. खरी गोष्ट त्या वाक्याखाली दडली होती. चारशे नंबर खरवडायचे म्हणजे आधी बडे बाबूंना आणि मग साहेबांना सांगायचं की माझी तोड चुकली. ज्या खांद्यावर हात पडला होता तो खांदा आत घ्यायचा. तेवढंच होतं. दोन दुपारी आणि एक खांदा.

यादी गेली.

घरी कुसुमनं विचारलं. तेव्हा आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत होतो, ती जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. "वसंताचं नाव गेलं न?"

"नाही बसलं."

"काहून? तो तं पयला होता."

"नंबर तीनशे एक होता."

ती जरा वेळ तांदळात बोट फिरवत राहिली. "तुमीच देला न तो? मंग काही करता नाही येत का?"

"एकदा पडला की पडला," मी म्हटलं. "सरकारी शाई असते. पुसता येत नाही."

तिनं मान डोलावली. माझ्यावर तिचा विश्वास होता. त्या वयात बायकांचा असतो. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. त्या वर्षी दुसरं पत्र आलं नाही. दिवाळी आली आणि गेली. मौद्याकडची मुलगी पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडे दिली.

वसंता आता रामटेकला गडाच्या पायऱ्यांपाशी नारळ-फुटाण्याचं दुकान लावतो. बांध्या भावकीत वाटल्या गेल्या, लग्न राहिलं ते राहिलंच. हातात काठी घेऊन दिवसभर माकडं हाकलतो. पोट जरा सुटलंय, दात गेलेत, हसणं तेच आहे. मागच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा त्यानं गल्ल्याखालच्या पत्र्याच्या डब्यातून ते कार्ड काढून नंदाला दाखवलं. कडा मऊ झालेल्या, पण माझं अक्षर जसंच्या तसं. "तुया बापानं देलं हे," तो तिला म्हणाला. "चवथ्या खिडकीचा पयला नंबर. मीच." आणि तेवढ्यात एका माकडानं नारळ उचलला म्हणून तो काठी घेऊन धावला. मी कार्ड हातात घेतलं. नाकाशी नेलं. कांद्याचा वास इतकी वर्षं राहत नाही, हे मला कळतं. तरी नेलं.

त्याला मी काही सांगितलं नाही. त्या वर्षीही नाही, परवापर्यंतही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याला जातो, नारळ घेतो, तो पैसे घेत नाही, मी आग्रह करतो, शेवटी त्याचंच चालतं. खाली उतरताना दर वेळी ठरवतो, पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला माकडं असतात, गिऱ्हाईक असतं, ऊन असतं.

कचेरीत पुढच्या वर्षी गजभियेच्या सांगण्यावरून वह्या शंभराच्या ऐवजी दहा-दहाच्या झाल्या आणि कार्डावर वेळ लिहायचीही पद्धत पडली. मी तेव्हा कुठलीच सूचना केली नाही. गजभियेच्या खांद्यावर कुणी हात ठेवल्याचं मला आठवत नाही.

तर परवा. ओसरीत ऊन पायांपर्यंत आलं तेव्हा मी उठलो. दाढीच्या डब्यातून ब्लेड काढलं, मधोमध मोडलं, चटईवर गुणपत्रिका पसरली. ही कला हातातून जात नाही. ब्लेड आडवं धरायचं, उभं नाही. कागदाला लागू द्यायचं नाही, नुसतं शाईला लागू द्यायचं. फुंकर घालायची. मग खोडरबर, एकाच दिशेनं. मग खरवडलेल्या जागेवर अंगठ्याचं नख घासायचं, म्हणजे उठलेले तंतू बसतात आणि कागद पुन्हा गुळगुळीत होतो. आधी सही गेली. मग तारीख. मग 'आ. क्र.' आणि शेवटी तो एक. दहा मिनिटंही लागली नसतील.

नंदानं कागद उजेडात धरून पाहिला, तिरका करून पाहिला. "बाबा, काहीच दिसत नाही," म्हणाली, आणि हरखून मैत्रिणीकडे दाखवायला गेली. गुण चांगले होते. मी तोवर तेही पाहिले.

चटईवर लाल भुकटी पडली होती, चिमूटभर. ती मी बोटानं गोळा करत होतो तेव्हा लक्षात आलं की कुसुम दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे. किती वेळ उभी होती कोण जाणे. हातावरची कणीक वाळून पांढरी झाली होती.

"म्हंजे," ती म्हणाली, "पुसता येत होतं."